असोद्याचे दोन नारायण

अक्का, परवा तुझ्या घरून मी धुळ्याला परत आले. एस.टी.त शेजारी एक बाई बसली होती. मांडीवर नातू, पायाशी केळीच्या फण्यांनी भरलेली पिशवी. तू असतीस तर एरंडोल यायच्या आत तिचं माहेर कोणतं, सासर कोणतं, थोरलीला कुठं दिली, सगळं तुला कळलं असतं, आणि त्यातलं कुणीतरी आपल्या नात्यात निघालंच असतं. मी मात्र तोंड फिरवून बाहेर बघत बसले. छातीत सारखं धडधडत होतं. तू गेलीस त्या दिवसापासून ही धडधड आहे, पण आता तिला वेगळं कारण झालंय. निघायच्या आदल्या दिवशी सिंधूताईनं मला एक गोष्ट सांगितली. ती तुझी होती, तुलाच कळायला हवी होती. आता ती माझ्यापाशी येऊन पडली आहे आणि घरात कुठलंच काम मला धड करू देत नाही. भाजीत मीठ दोनदा पडतं. लेक, मंदा, हाका मारते ते ऐकू येत नाही.

हे म्हणतात, लिहून काढ, हलकं वाटेल. मला हलकं वाटायला नकोय. तुला सांगायचंय, एवढंच.

तुझ्या त्या विचारण्याची मला किती लाज वाटायची, आठवतं? "तुम्ही कोन्या गावचे? कोनाचे?" समोरचा माणूस नीट टेकलेला नसायचा, तोवर तुझा प्रश्न तयार. दुकानदार, कासार, दवाखान्यात रांगेत बसलेली बाई, कुणीही चालायचं. मी तुझा पदर ओढायची, आणि तू म्हणायचीस, "इचारलं तर काय झिजते का?"

लग्न होऊन मी धुळ्याला आले, यांची मास्तरकी, भाड्याच्या दोन खोल्या. मालकीणबाई खाली राहायच्या. वर्षभर मी त्यांना रोज बघत होते. पाणी आलं, पाणी गेलं, यापलीकडे बोलणं नाही. तू पहिल्यांदा आलीस, जिन्यावर त्यांची गाठ पडली आणि मी चहाचं आधण ठेवते तोवर तुम्ही दोघी पायरीवर बसलेल्या. त्यांचं माहेर सावद्याचं निघालं. आपल्याच आळीच्या मागचं. "म्हणजे तुम्ही मथुराकाकूच्या पोरी?" असं म्हणून त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. आई गेली तेव्हा मी नुकती चालायला लागलेली. आईचा चेहरा मला कधी आठवलाच नाही, तू सांगशील तेवढीच आई मला माहीत. मालकीणबाई म्हणाल्या, "तुझी आई हसताना तोंडावर पदर धरायची. तू पण तसंच करतेस. मी रोज बघते आणि मनात म्हणते, हे कुठं पाहिलंय." अक्का, वर्षभर माझी आई त्या जिन्याखाली होती आणि मला पत्ता नव्हता. त्या दिवशी तू गेल्यावर मी आरशासमोर उभी राहून पदर तोंडावर धरून पाहिला. हे तुला कधी सांगितलं नाही. तेव्हापासून तुझा पदर ओढायचं मात्र मी सोडलं.

तुझं घर आणि सिंधूताईचं घर, मध्ये एक भिंत. शेताला शेत लागून. तुझा नवरा नारायण चौधरी, तिचाही नवरा नारायण चौधरी. गावानं थोरला नारायण, धाकटा नारायण अशी वाटणी करून ठेवली होती. पण तुम्हा दोघींची पंचाईत. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून शेजारच्याचंही घेता येत नाही. "तुमच्यायनं आमच्यायले सांगितलं का?" "आमच्यायनं तुमच्यायलेच इचारलं म्हने." मी सुट्टीत आले की तुमचं हे भिंतीवरून चाललेलं ऐकून हसून बेजार व्हायची. तुला मूल नव्हतं. सिंधूताईची शांता रांगत रांगत तुझ्या स्वयंपाकघरात यायची ती तिथंच जेवून झोपायची. इतकं एकमेकींत गुंतलेलं घर मी दुसरं पाहिलं नाही.

मंदाच्या वेळी तू धुळ्याला आलीस, कारण मला माहेर म्हणजे तूच. डिंकाचे लाडू, शेक, शेगडी, सगळं तूच केलंस आणि मग मला आणि बाळाला घेऊन असोद्याला निघालीस. सकाळची गाडी होती. तू खुशीत होतीस. भाऊजींनी विहिरीवर नवं इंजिन बसवलं होतं, गावात तसं दुसरं नव्हतं. आता केळीला पाणी कसं धो धो जातं, ते तू मला पारोळ्यापर्यंत सांगत होतीस. मंदा तुझ्या मांडीवर झोपली होती.

एरंडोलला एक म्हातारं जोडपं चढलं. तू सरकून म्हातारीला जागा दिलीस, म्हातारा समोर बसला. आणि तुझा प्रश्न आलाच. "कुठी चालले बाबा?"

"असोदाले."

तुझा चेहरा किती उजळला होता. "मी असोद्याचीच की. कोनाकडे?"

"मयतीले जाई राहिनूत, माय." म्हातारा धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत म्हणाला. "मन्हा भाऊना व्याहीना पुतन्या. भाऊना पाय मोडेल शे, म्हनीसन आम्ही निघनूत. जवान मानूस. काल सांजले विहिरमा उतरना, तठेच गुदमरी गया."

"अरे देवा," तू म्हणालीस. "नाव काय त्याचं?"

"नारायण. नारायण चौधरी."

तू हसणार असल्यासारखं तोंड केलंस आणि ते तसंच राहिलं. मला वाटलं, तुला नीट ऐकू आलं नाही. मग तू हळूच विचारलंस, "कोनता, बाबा? त्या नावाचे आमच्याकडे दोन आहेत."

"ते काय ठाऊक, माय. मी त्याले कधी देखेल नही."

"इंजिन होतं का विहिरीवर?"

"हा. इंजिनना धूर कोंडना म्हने विहिरमा."

अक्का, तुझ्या जागी मी असते तर तिथंच थांबले असते. पुढचं विचारायची माझी छाती झाली नसती. तू थांबली नाहीस. तुला थांबता येत नव्हतं. आयुष्यभर माणसाला माणूस जोडत गेलीस, त्याच वाटेनं तुझं हे विचारणं चाललं होतं, फक्त या वेळी प्रत्येक उत्तर तुझ्या घराच्या जवळ येत होतं. तू म्हणालीस, "अन् बायको? तिचं काय?"

उत्तर म्हातारीनं दिलं. "बिचारी तठे नही व्हती. बहीनकडे जायेल शे म्हने. तिले आनाले मानूस धाडा शे."

तू माझ्याकडे पाहिलंस. मी तुझी बहीण, आणि तू माझ्याकडे आलेली. सिंधूताईला तर तू घरी सोडून निघाली होतीस.

मी काहीतरी बोलत सुटले. आपल्याला निरोप आला असता, तार आली असती, इंजिनाशी धाकट्याचीच खटपट चालते, कुणीतरी नाव चुकीचं ऐकलं असेल. तू म्हणालीस, "मानूस आपल्या मागून पोचला असेल धुळ्याले. आपण सकायी निघालो." मंदा उठून रडायला लागली. ती तुझ्याच मांडीवर होती, पण तुला ऐकू येत नव्हतं. म्हातारीनं तुझ्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, काय ते ओळखलं आणि न बोलता बाळ उचलून आपल्या खांद्यावर घेतलं. म्हातारा पुढं काही सांगायला लागला तेव्हा तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला गप्प केलं.

मग तू भाऊजींचं नाव घेतलंस. लग्नात उखाण्यात घेतलं असशील तेवढंच, त्यानंतर तुझ्या तोंडून मी ते कधी ऐकलं नव्हतं. खिडकीच्या गजाला कपाळ टेकून तू म्हणालीस, "नारायण." हाक मारल्यासारखं नाही, विचारल्यासारखं. पाळधी गेलं, आणि तू ओठातल्या ओठात पुटपुटलीस, "देवा, सिंधूचा असू दे. माझा नको, सिंधूचा असू दे." मी इतकी जवळ होते की ते मला ऐकू आलं. मला ऐकू आलं हे तुलाही कळलं. गिरणा ओलांडून जळगाव येईपर्यंत आपण एकमेकींकडे पाहिलं नाही.

टांग्याच्या अड्ड्यावर उतरलो तर समोर सिंधूताई.

खांद्यावर झोपलेली शांता, हातात बोचकं, सोबत तिच्या बहिणीचे यजमान. रावेरहून गाडीनं आली होती. तू निघाल्यावर तिच्या बहिणीचं बोलावणं आलं आणि तीही गेली होती, हे आपल्याला कुठून ठाऊक असणार? तुझे डोळे सुजलेले. ती धावत आली. "काय झालं व? कायले रडते?" तिनंच सांगितलं, "मले निरोप आला, आमच्यायले बरं नही, लगेच निघ म्हने." तिच्या मागे उभे असलेले मेहुणे आपल्याकडे बघून नकारार्थी मान हलवत होते. सांगू नका, असं.

मी तुझ्याकडे बघत होते, अक्का. ते मी पाहायला नको होतं. पाण्यात बुडणाऱ्याचं डोकं वर यावं तसा तुझा चेहरा झाला. एक क्षणच. लगेच तू पदरानं तोंड झाकलंस आणि म्हणालीस, "काही नही. वाटेत धूळ फार."

म्हातारं जोडपं आणि आपण एकाच टांग्यात. म्हातारा टांगेवाल्याजवळ, आपण बायका मागे, मेहुणे दुसऱ्या टांग्यात. सिंधूताईचा हात तू दोन्ही हातांत धरून ठेवला होतास. ती बोलत होती. ताप असेल, पाण्यात उभं राहतात, सांगून ऐकत नाहीत, डॉक्टरला आणलं असेल ना गं. तू म्हणत होतीस, "आनलं असेल." म्हातारी शांताच्या पायावर आपलं लुगडं ओढत होती. असोद्याचा रस्ता तो केवढा, पण त्या दिवशी संपेना. संपू नये असंही वाटत होतं.

दारात माणसं होती, आणि ओट्यावर भाऊजी. मान खाली, कपडे चिखलानं कडक झालेले. इंजिन अडलं तेव्हा तेच उतरणार होते. धाकटा म्हणाला, तुम्ही जड, दोर धरा, मी उतरतो. दोर सैल पडल्यावर भाऊजी खाली उडी टाकत होते, माणसांनी त्यांना धरून ठेवलं. भाऊजींनी तुला पाहिलं नाही. त्यांनी सिंधूताईला पाहिलं, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

त्या दिवसापासून तू कुणाला विचारलं नाहीस. कुणी आपणहून गाव सांगितलं तर मान हलवायचीस, बस. लोक म्हणाले, अक्का शांत झाली. मला माहीत होतं तू शांत नव्हतीस. भिंतीपलीकडे भांडं पडलं तरी तू दचकायचीस. सिंधूताईनं दारातून हाक मारली की आधी तुझा हात थांबायचा, मग तू ओ द्यायचीस. तिचं शेत भाऊजींनी आपल्याबरोबर कसलं, शांताला तू वाढवलंस, तिचं लग्न केलंस, तिच्या बाळंतपणाला रात्रंदिवस बसलीस. गावाला त्यात माया दिसली. ती होतीच. पण मला त्या खाली भीती दिसायची.

आपलं भांडण तेवढ्यावरच. मी म्हणायची, तू मागितलंस तेव्हा तो आदल्या संध्याकाळीच गेलेला होता, तुझ्या मागण्यानं काय बदललं? तू म्हणायचीस, "ते मले कयते. पन मी मागितलंच ना. देवाजोय तिचं कुंकू मागितलं, अन् तिच्याच हाताले धरून टांग्यात बसले." मी म्हणायची, कुणीही तेच मागितलं असतं. "कोनीबी नही," तू म्हणायचीस. "सिंधूनं नसतं मागितलं." मी म्हणायची, मग एकदा तिला सांगून टाक. तू घाबरून माझ्याकडे बघायचीस आणि मला शपथ घालायचीस. गेल्या दिवाळीत पुन्हा तेच झालं. मी चिडून म्हटलं, किती वर्षं हे उराशी घेऊन बसणार? तू करंज्या तळत होतीस. "असू दे," म्हणालीस. "तेल तापलं, बाजूले हो." तेच आपलं शेवटचं भांडण ठरलं. तुझा ताप छातीत उतरल्याचं कळून मी निघाले तेव्हा वाटेत पुन्हा उकरून काढायचं मनाशी ठरवलं होतं, इतका मला तू बरी होण्याचा भरवसा होता. पोचले तर सिंधूताई तुझ्या उशाशी बसलेली, आणि तू नव्हतीस.

आता ऐक.

दिवस झाले, पाहुणे पांगले. दुपारी सिंधूताई आणि मी तुझ्या मागच्या दारी तूर निवडत बसलो होतो. ती एकदम म्हणाली, "तुले एक सांगू? तिले सांगायचं राहून गेलं. रोज सांगीन म्हने, अन् भिंतीपर्यंत येऊन परत जाये."

मी म्हटलं, सांगा.

"रावेरले निरोप्या आला ना, त्यानं मले बरं नही म्हनून सांगितलं. पन मागं आंगनात दाजीले हळूच म्हनला, नारायण गेला. मी दाराआड होते. मले ऐकू आलं." सुपातला एक खडा तिनं बाहेर टाकला. "मी मनाले म्हटलं, हा थोरला असेल. अक्का धुळ्याले गेलेली, तिले सांभायाले कोनी पाहिजे, म्हनून मले बोलावलं. आख्ख्या गाडीत मी तेच म्हनत आले. देवा, अक्काचा असू दे. पोर मांडीवर घेऊन म्हनत आले."

मी सूप खाली ठेवलं.

"जयगावले उतरले तर तुझी बहीन समोर. डोये सुजलेले. मी धावत गेले, तुले वाटलं असेल तिच्यासाठी धावले. मले वाटलं, सुटले मी." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "अन् मंग मले पाहून तिचं रडनं थांबलं. तवाच कयलं मले. टांग्यात मी तापाचं बोलत बसले, कारन थांबले तर तिले कयलं असतं मले कयलं म्हनून. अन् तिनं माझा हात असा धरेल, इतका धरेल. मले वाटे, हिले जर ठाऊक पडलं मी काय मागत आले, तर ही हात झटकून टाकीन."

अक्का, मग मी तुझी शपथ मोडली. पाळधीच्या पुढं तू काय म्हणालीस ते मी तिला सांगितलं, शब्दाला शब्द. बरोबर केलं की नाही मला अजून कळत नाही, म्हणूनच ही धडधड. तुझं झाकलेलं मी तुला न विचारता उघडलं. पण ती बाई समोर बसून स्वतःला पापीण म्हणवून घेत होती आणि तुझ्याइतकीच वाळली होती, मला गप्प बसवेना.

तिनं सगळं ऐकून घेतलं. हातातली तूर बोटांतून सुपात गळून पडली. म्हणाली, "मंग इतकी वर्सं आम्ही कायले भेलो व एकमेकीले?"

भिंतीपलीकडे शांताची पोर रडायला लागली, तशी ती गुडघ्यावर हात टेकून उठली. दारापाशी थांबली. माझ्याकडे न वळता म्हणाली, "तिले सांग."

मी म्हटलं, आता कसं सांगू, ताई?

"कसंबी सांग," ती म्हणाली, आणि पोरीला घ्यायला गेली.

सांगितलं, अक्का.